किल्लीवांचून उघडणारें दार

किल्ली हरवली तर तें आपणांस कळतें. पण दाराचा संकेतांक दुसऱ्याच्या कानीं गेला, तर त्याची वार्ताहि लागत नाहीं. म्हणून फाटकावर किंवा दारावर आंकड्यांचा कीपॅड बसविण्यापूर्वीं चार गोष्टींचा विचार अवश्य करावा.

पहिली गोष्ट संकेताची. चार आंकडी संकेत १०,००० होऊं शकतात. सहा आंकडी १०,००,०००. परंतु वर्षानुवर्षें एकच संकेत वापरला, कीं त्याचींच बटणें झिजून गुळगुळीत होतात. आणि चार झिजलेलीं बटणें ज्यानें हेरलीं, त्यास फार तर २४ प्रयत्न पुरतात! तेव्हां कारखान्यांतून आलेला मूळ संकेत पहिल्याच दिवशीं बदलावा, पुढेंहि मधूनमधून बदलीत जावा, आणि लागोपाठ कांहीं चुका होतांच थोडा वेळ बंद पडणारें यंत्रच घ्यावें.

दुसरी गोष्ट माणसांची. घरची मंडळी, मोलकरीण, वाहनचालक, प्रत्येकास निराळा संकेत देण्याची सोय असावी. एकानें काम सोडलें, तर तेवढाच पुसतां येतो. बाकीच्यांना नवा आंकडा पाठ करावा लागत नाहीं.

तिसरी गोष्ट जागेची. फाटकावरील यंत्र पावसांत भिजणारच. त्यावर ‘आयपी ६५’ ही खूण पाहावी: त्यांतील ६ म्हणजे धुळीस पूर्ण मज्जाव, ५ म्हणजे पाण्याच्या झोतापासून बचाव. शिवाय कुलूप उघडणारी कळ कीपॅडमध्येंच असेल, तर तो उपटून दोन तारा जोडणें चोरास अवघड नाहीं. ती कळ घराच्या आंत असावी.

चौथी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट विजेची. चुंबकी कुलूप वीज जातांच सुटतें आणि घर उघडें पडतें. उलट, वीज मिळाल्यावरच उघडणारें कुलूप ती गेली कीं बंदच राहतें. दोहोंसहि बॅटरीची जोड हवी. मात्र आंतून बाहेर पडण्यास संकेत कधींच लागूं नये. हातानें फिरणारी कडी, किंवा चुंबकाची वीज तोडणारें बटण आंतल्या बाजूस हवेंच. आग लागली असतां धुरानें कोंदलेल्या अंधारांत आंकडे कोण आठवीत बसणार?

म्हणून विक्रेत्यास किंमत विचारण्यापूर्वीं हें विचारावें: घरांतील वृद्ध माणूस, एकटा, अंधारांत, या दारांतून बाहेर पडूं शकेल काय?