आईला दिलेला शब्द

किंग्स्टन हे गाव मराठी घरांत ठाऊक झाले ते क्रिकेटमुळे. १९७१ च्या फेब्रुवारीत तेथील सबायना पार्क मैदानावर दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या आणि वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजवर फॉलोऑन लादला, ही हकीकत वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून आपण किती वेळा तरी ऐकली असेल. त्याच वर्षी त्याच जमैका बेटावरून डोरोथी यूइंग नावाची एक बाई घरदार आणि मुलेबाळे मागे ठेवून अमेरिकेला निघाली होती. तिची हकीकत मात्र आपल्याकडे फारशी कोणी सांगितली नाही.

बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात ती कामाला लागली. पैसा गाठीला बांधायचा आणि जमेल तसतसे एकेकाला बोलावून घ्यायचे, असा तिचा क्रम होता. सात मुलांतला पाचवा पॅट्रिक. त्याची पाळी आली १९७५ च्या जानेवारीत, त्याच्या वयाच्या बाराव्या वर्षी.

मी मराठी शिकवणारा माणूस. बास्केटबॉलचा चेंडू जन्मात हाती धरलेला नाही. आमच्याच एका खेळाडू विद्यार्थ्याने हजेरीसाठी रदबदली करताना पॅट्रिक यूइंगचे नाव घेतले, म्हणून मी कुतूहलाने वाचू लागलो. आणि खेळापेक्षा भलत्याच गोष्टीत गुंतलो.

जमैकात हा मुलगा क्रिकेट खेळे, फुटबॉलमध्ये गोल राखी. बास्केटबॉल तो अमेरिकेत आल्यावर शिकला. ते दिवसही कसे? बोस्टनमध्ये गोऱ्या आणि काळ्या मुलांनी एका शाळेत बसावे, असा न्यायालयाचा हुकूम झाला होता आणि त्यावरून १९७४ पासून रस्त्यांत दंगे चालले होते. यूइंग कुटुंब नदीपलीकडे केंब्रिज गावात राहत होते, एवढेच. उंची भराभर वाढणारा, बेटावरच्या हेलात बोलणारा हा पोरगा वर्गात अर्थातच उठून दिसे. पण माइक जार्व्हिस या प्रशिक्षकाच्या हाताखाली त्याच्या शाळेने राज्याचे अजिंक्यपद तीनदा मिळवले, तेव्हा देशभरच्या विद्यापीठांचे लोक त्याच्या दाराशी येऊ लागले.

येथे त्या पत्राचे प्रकरण घडले. जार्व्हिस यांनी विद्यापीठांना सरळ लिहिले, की या मुलाला अभ्यासात मदत लागेल. शिकवणीची सोय हवी, व्याख्याने ध्वनिमुद्रित करण्याची मुभा हवी, परीक्षेत वेळेची सक्ती नको. मास्तरांनी चांगल्या मनाने लिहिलेले हे पत्र बाहेर फुटले! मग काय विचारता? ‘यूइंगला वाचता येत नाही’ अशा मजकुराचे फलक प्रतिस्पर्ध्यांचे प्रेक्षक नाचवू लागले. एकदा तर त्याच्या दिशेने केळ्याची साल भिरकावण्यात आली. खेड्यातून आलेल्या मुलाने वर्गात तोंड उघडले की मागच्या बाकांवर जी खसखस पिकते, ती मी वीस वर्षे ऐकत आलो आहे. पण हजारोंच्या तोंडून ती ऐकणाऱ्या पोराचे काय झाले असेल?

त्याने वॉशिंग्टनचे जॉर्जटाऊन विद्यापीठ निवडले. तेथील प्रशिक्षक जॉन थॉम्प्सन स्वतः काळे, सहा फूट दहा इंच उंचीचे. त्यांच्या खोलीत हवा गेलेला एक बास्केटबॉल ठेवलेला असे. चेंडूतली हवा एक दिवस जाते, मग तुमच्याजवळ काय उरते, असा त्याचा रोख. मेरी फेन्लन या पूर्वाश्रमीच्या जोगिणीवर मुलांच्या अभ्यासाची जबाबदारी होती आणि त्या सामन्याच्या वेळीही संघाच्या बाकावर बसत. अशी बाई प्रत्येक महाविद्यालयात असावी, असे मला फार वाटले.

१९८२ चा अंतिम सामना न्यू ऑर्लिन्सला झाला. प्रेक्षक एकसष्ट हजारांवर. समोर नॉर्थ कॅरोलायना. खाली उतरणारा चेंडू कड्यात शिरण्यापूर्वी अडवला तर तो गुण प्रतिपक्षाला मिळतो, असा नियम आहे. एकोणीस वर्षांच्या यूइंगने पहिलेच चार चेंडू असे उडवून लावले! आठ गुण फुकट गेले; पण येथे सहज काही मिळणार नाही, हे समोरच्याला कळले. अखेरीस मायकेल जॉर्डन नावाच्या कोवळ्या पोराने टाकलेल्या चेंडूने कॅरोलायना ६३–६२ अशी पुढे गेली आणि जॉर्जटाऊनच्या फ्रेड ब्राऊनने गडबडीत चेंडू चक्क शत्रूच्याच हाती दिला. सामना संपताच थॉम्प्सननी त्या ब्राऊनला पोटाशी धरले.

१९८३ च्या सप्टेंबरात आई गेली. चार वर्षांत पदवी घेईन, असा शब्द त्याने तिला दिला होता. पुढच्याच हंगामात जॉर्जटाऊनने ह्यूस्टनला ८४–७५ असे हरवून अजिंक्यपद मिळवले. व्यवसायी संघ थैल्या घेऊन उभे होते. एक वर्ष आधीच कॉलेज सोडण्याची मुभा होती. तो गेला नाही. शेवटच्या वर्षी व्हिलानोव्हाकडून ६६–६४ असा पराभव पत्करला आणि १९८५ मध्ये ललितकला हा विषय घेऊन पदवीधर झाला. ज्याला वाचता येत नाही म्हणून फलक नाचवले, तो!

त्यानंतरची न्यू यॉर्कच्या निक्स संघातली पंधरा वर्षे जाणकारांनी पुष्कळ वर्णिली आहेत. एकंदर कारकीर्दीत २४,८१५ गुण, १९८४ आणि १९९२ ची ऑलिंपिक सुवर्णपदके. अमेरिकेत विजेत्या संघाच्या खेळाडूंना अंगठी देतात. ती तेवढी मिळाली नाही. कधी जॉर्डन आडवा आला. १९९४ ला अंतिम फेरीचा सातवा सामना गमावला. १९९५ ला निर्णायक क्षणी त्याने अलगद सोडलेला चेंडू कड्याला लागून बाहेर आला, आणि १९९९ ला संघ अंतिम फेरीत गेला तेव्हा हा जखमी होऊन बसलेला. न्यू यॉर्कचे प्रेक्षक त्याला या अंगठीवरून बोलत राहिले. मला तो हिशेब कोता वाटतो. पण मी त्या खेळातला नव्हे.

२००२ मध्ये तो निवृत्त झाला. मग पंधरा-एक वर्षे दुय्यम प्रशिक्षक म्हणून दुसऱ्यांच्या हाताखाली काढून २०१७ मध्ये जॉर्जटाऊनला मुख्य प्रशिक्षक झाला. २०२० च्या ऑगस्टमध्ये थॉम्प्सन वारले. पुढच्या मार्चमध्ये तो संघ घेऊन न्यू यॉर्कला, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आला. त्याचा ३३ क्रमांकाचा सदरा २००३ पासून तेथे छताला मानाने टांगलेला आहे. आणि दाराशी रखवालदार त्याच्याकडे पास मागत होते! तो पत्रकारांपुढे चांगलाच चिडला. माझ्याच घरात मला अडवतात, असा त्याचा सूर होता. त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याच्या पोरांनी क्रेटनचा ७३–४८ असा धुव्वा उडवला.

पुढची दोन वर्षे मात्र वाईट गेली. आपल्या गटातल्या ३९ सामन्यांत जॉर्जटाऊनला अवघे दोन जिंकता आले आणि २०२३ च्या मार्चमध्ये विद्यापीठाने त्याला निरोप दिला. २०२४ मध्ये निक्सनी त्याला आपला प्रतिनिधी म्हणून पुन्हा बोलावून घेतले.