हट्टी पिन आणि भरलेली जीप

दोस्तांनो, माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला गेला आहात कधी? नवरात्रात आणि दत्तजयंतीला माणसांनी भरलेल्या गाड्या डोंगर चढत असतात. खड्डा आला की आतली मंडळी एकदम उडतात आणि कुणीतरी म्हणतंच, "शॉकप गेले वाटतं!"

पण दर वेळी दोष शॉकपचा नसतो बरं का! उभ्या असलेल्या जुन्या जीपकडे बाहेरूनच वाकून पाहा. चाकाजवळ पोलादी पट्ट्या एकावर एक बांधलेल्या दिसतील. ते पाटे. प्लॅस्टिकची पट्टी कमानीसारखी वाकवून टेबलावर टेकवा आणि मध्ये दाबा. टोकं बाहेर सरकली ना? वजन आलं की पाट्याचंही तसंच होतं. म्हणून त्याचं एक टोक पक्कं असतं आणि दुसरं झोपाळ्यासारख्या हलणाऱ्या दुव्याला, म्हणजे शॅकलला, अडकवलेलं असतं. शॅकलची पिन गंजून जाम झाली की झोपाळा थांबतो. पाट्याला सरकायला जागाच उरत नाही. मग धक्के थेट आपल्या पाठीत! आणि एखाद्या दिवशी पाटाच मोडतो. घाटात, भरल्या गाडीचा!

मुळात पिन जाम होतेच कशी? लोखंडाला पाणी आणि हवेतला प्राणवायू दोन्ही मिळाले की गंज चढतो. हा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो. पिनेभोवती केसाएवढी फट असते, ती ठासून भरते. कोकणात खाऱ्या हवेमुळे हे लवकर घडतं. माहूर समुद्रापासून दूर, पण पावसाळ्यातला चिखल पाट्यांना चिकटून राहतो तेवढा पुरतो.

आता ती काढायची कशी? नुसता जोर लावणारा इथे हरतो. आधी तारेच्या ब्रशने माती आणि सुटा गंज झाडायचा. मग पातळ तेल सोडायचं. पूर्वी सगळे रॉकेल वापरत, आता गंज सोडवणाऱ्या तेलाचे फवारे मिळतात. समईची वात तेल वर ओढते ना, तसंच हे तेल बारीक फटीत आपोआप शिरतं. पण त्याला रात्रभर वेळ द्यायला हवा. सकाळी हातोडीचे हलके ठोके द्यायचे, म्हणजे गंजाला तडे जातात. नट सोडवताना आधी किंचित आवळायचा, मग सोडवायचा, पुन्हा आवळायचा. पान्याला लांब पाइप लावला तर काम सोपं होतं. एक फुटावर लावलेला जोर तीन फुटांवर लावला की तिप्पट पीळ बसतो. मात्र अति केलं तर बोल्टचं डोकंच तुटून हातात येतं!

एवढ्यानेही नट हलला नाही तर गॅरेजवाला गॅसची ज्योत लावतो. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवूनच चढवतात, हे गावाकडच्या दोस्तांना सांगायला नको. तापली की ती मोठी होते. 20 मिलिमीटरचा नट 200 अंशांनी तापवला तर साधारण 0.05 मिलिमीटर वाढतो. एवढंसंच, पण तेवढ्याने पकड सुटते. हे काम मात्र घरी मुळीच नको. जवळ पेट्रोलची टाकी, ब्रेकचे पाइप, रबरी बुश असतात, आणि तापलेला शॉकप फुटू शकतो.

आणखी एक गोष्ट, सगळ्यांत महत्त्वाची. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. विटांचा आधारही नको, वीट अचानक फुटते. सपाट जागा, जमिनीवरच्या चाकांना अडण आणि चेसिसखाली पक्की लोखंडी घोडी, एवढं असेल तेव्हाच मोठ्या माणसांनी खाली जायचं. ताणलेला पाटा सुटला तर जोरात उसळतो, हेही लक्षात असू द्या. तुमचं काम बाहेरचं. योग्य मापाचा पाना हातात द्यायचा आणि निघालेले नट-बोल्ट त्याच क्रमाने जुन्या ताटात मांडायचे.

नवी पिन ग्रीस लावूनच बसवतात. तिला ग्रीसची घुंडी असेल तर अधूनमधून ग्रीसगन लावायची आणि आतलं काळं, चिखलट ग्रीस बाहेर येऊन मागून नवं दिसेपर्यंत दाबत राहायचं.