“कॉक गळतोय” हा फोन म्हणजे तुमचा धंदा!



अर्धापूर म्हटलं की केळी, आणि केळी म्हटलं की ठिबक. पाणी इसापूरच्या कालव्याचं असो, विहिरीचं असो की बोअरचं, प्रत्येक प्लॉटच्या तोंडाशी पीव्हीसीचा बॉल व्हॉल्व्ह असतोच. आपण त्याला कॉक म्हणतो. नांदेड-लातूरकडच्या हॉटेल, शाळा आणि फार्महाऊसच्या स्विमिंग पूलमध्येही पंपाच्या दोन्ही बाजूला हाच कॉक. ऐन मे महिन्यात तो फुटला, की उभ्या बागेचं पाणी बंद! त्या वेळी शेतकऱ्याला स्वस्त माणूस नको असतो, येणारा माणूस हवा असतो. तो माणूस तुम्ही होऊ शकता का, ते आज बघू.

आधी काम शिका

१. जोडताना पाईप सरळ कापा, कडा घासा, पुसून कोरडा करा. सोल्युशन पातळ आणि सगळीकडे सारखं लावा. जास्त झालं तर आत ओघळतं आणि बॉल चिकटतो. जोडताना कॉक उघडा ठेवा. डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. शक्य असेल तर २४ तास पूर्ण दाब देऊ नका.

२. आटे असतील तिथे सोल्युशन नाही, टेफ्लॉन टेप. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने एक-दोन फेरेच. जास्त आवळलं की प्लॅस्टिकला चीर जाते, आणि ती दाब आल्यावरच दिसते.

३. पंप आणि फिल्टरजवळ युनियनवाला कॉक सुचवा. थोडा महाग पडतो, पण पुढे पाईप न कापता तो काढता येतो.

मग दुखणं ओळखा

हँडलखालून गळतंय? दांड्याची ओ-रिंग गेली. युनियनमधून गळतंय? तिथली ओ-रिंग बघा, कचरा अडकलाय का बघा. बंद करूनही पाणी पुढे जातंय? आतली सीट झिजली किंवा सैल झाली. ओ-रिंगला मोटारीचं ग्रीस लावू नका, रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीसच वापरा.

कॉक फुटतो कशाने?

बघा, पीव्हीसी पाईपचा दाब २७ अंश तापमानाला धरून ठरवलेला असतो. ४३ अंशांच्या आसपास ती ताकद साधारण निम्म्यावर येते. आपल्याकडच्या उन्हात उघड्यावरचा पाईप हवेपेक्षाही जास्त तापतो. त्यात कोणी चालू पाण्यात खटकन कॉक बंद केला, की पाण्याचा दणका बसतो. म्हणून ग्राहकाला तीन गोष्टी सांगा: कॉकवर सावली करा, तो हळू फिरवा आणि अर्धवट उघडा ठेवून पाणी कमी-जास्त करू नका. अर्धवट उघड्या कॉकची सीट लवकर झिजते.

पूलवर एक जास्तीची काळजी. पंप पाण्याच्या पातळीखाली असेल, तर झाकण उघडण्याआधी पंप बंद करून दोन्ही बाजूचे कॉक बंद करा. आणि सगळे कॉक उघडल्याशिवाय पंप सुरू करू नका. ठिबक असो वा पूल, ॲसिड आणि क्लोरीन कधीही एकत्र करू नका. विषारी वायू तयार होतो.

आता पैशाचं बोलू

एकेका दुरुस्तीवर घर चालत नाही. वर्षाच्या देखभालीचा करार करा. समजा ४० ग्राहक, वर्षात दोन फेऱ्या, एका फेरीचे ५०० रुपये. झाले ४०,०००. पेट्रोल आणि सामान वजा केलं तर हे पूर्ण उत्पन्न नाही, हे स्पष्ट लक्षात घ्या. पण ४० घरी तुमचा नंबर राहतो. फिल्टर सफाई, ठिबकचं फ्लशिंग, नवीन जोडणी ही कामं तिथूनच येतात.

फेरीत करायचं काय? प्रत्येक कॉक पूर्ण उघड-बंद करा, गळती बघा, उन्हाने कडक झालेली हँडलं बदला आणि वहीत साईज लिहून ठेवा. ६३ की ७५ मिलिमीटर, हे रात्री फोनवर विचारावं लागू नये. पहिली फेरी उन्हाळ्याआधी, म्हणजे फेब्रुवारीत करा.

या आठवड्याचं काम

गावातले दहा प्लॉट फिरा. किती कॉक गळतात ते मोजा, साईज लिहा. कोणालाही काही विकू नका, फक्त विचारा: “दादा, मागच्या उन्हाळ्यात हा बिघडला तेव्हा पाणी किती दिवस बंद होतं?” त्या उत्तरावरून तुमच्या सेवेची किंमत ठरेल.

चला, कामाला लागा!