एकाच खड्ड्यात इजिप्तचे राजे आणि ते माहीत असलेलं एकच कुटुंब! वाचा देर अल-बहरीच्या शोधाची खरी गोष्ट

इजिप्तमधल्या थडग्यांचा विषय निघाला की सगळ्यांना तुतनखामुनच आठवतो. त्याचा सोन्याचा मुखवटा, १९२२ साली हॉवर्ड कार्टरने लावलेला शोध, शापाच्या कहाण्या, हे सगळं आपण ऐकलेलं असतं. पण त्याच्या ४१ वर्षं आधी, १८८१ मध्ये, तिथून जवळच आणखी एक मोठा शोध लागला होता. त्यात एक नाही, तर डझनभर राजे एकाच ठिकाणी सापडले. तोही कुण्या अभ्यासकाने लावलेला शोध नव्हता. तो लावला होता थडगी फोडून पोट भरणाऱ्या एका कुटुंबाने!

बाजारात येऊ लागल्या राजघराण्यातल्या वस्तू

नाईल नदीच्या पश्चिम काठावर, आजच्या लक्सर शहरासमोर कुर्ना नावाचं गाव होतं. गावातली घरं प्राचीन थडग्यांच्या अगदी वर बांधलेली होती. जमीन खणली की काही ना काही सापडायचं आणि ते युरोपातून येणाऱ्या पर्यटकांना विकलं जायचं. या धंद्यात अब्द अल-रसूल हे कुटुंब सगळ्यात तरबेज होतं.

१८७० च्या दशकात जुन्या वस्तूंच्या बाजारात काही वेगळाच माल दिसू लागला. पपायरसवर लिहिलेले धर्मग्रंथ आणि थडग्यात ठेवल्या जाणाऱ्या निळ्या रंगाच्या छोट्या मूर्ती विकायला येऊ लागल्या. त्यांवर पिनेजेम या घराण्यातल्या लोकांची नावं होती. ही माणसं सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी दक्षिण इजिप्तवर सत्ता गाजवणारी होती, पण त्यांची थडगी कुणालाच सापडली नव्हती. मग या वस्तू येत कुठून होत्या?

१८८१ च्या सुरुवातीला इजिप्तच्या पुरातत्त्व विभागाची सूत्रं गॅस्टन मास्पेरो या फ्रेंच अभ्यासकाकडे आली. त्यांनी माग काढला आणि संशयाची सुई अब्द अल-रसूल कुटुंबावर येऊन थांबली.

मारहाण झाली, पण तोंड उघडलं नाही

एप्रिल १८८१ मध्ये अहमद आणि हुसेन या दोन भावांना अटक करून केना इथे नेण्यात आलं. तिथला गव्हर्नर दाऊद पाशा कडकपणासाठी कुप्रसिद्ध होता. दोघांच्या तळपायांवर फटके मारले गेले. तरीही त्यांनी एक शब्द सांगितला नाही. गावातले लोकही त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुरावा नसल्याने दोघांना सोडून द्यावं लागलं.

पोलिसांच्या माराने जे झालं नाही, ते भाऊबंदकीने केलं. सुटून आलेल्या अहमदने मार सोसल्याबद्दल वाटणीत जास्त हिस्सा मागितला. त्यावरून घरात भांडणं पेटली. आता कुणीतरी फुटणार हे ओळखून थोरल्या मोहम्मदने आधीच पाऊल उचललं. २५ जून १८८१ रोजी त्याने केनाला जाऊन सगळं कबूल केलं.

मेणबत्तीच्या उजेडात दिसले फेरो

मास्पेरो तेव्हा युरोपात होते. त्यामुळे त्यांचे सहायक एमिल ब्रुग्श आणि इजिप्शियन अभ्यासक अहमद कमाल लक्सरला पोहोचले. ६ जुलैला मोहम्मद त्यांना देर अल-बहरीच्या कड्यांमधल्या एका आडोशाला घेऊन गेला. तिथे विहिरीसारखा सरळ खाली जाणारा सुमारे १२ मीटर खोल खड्डा होता. शेळी खड्ड्यात पडली आणि तिला काढायला उतरल्यावर हे भुयार सापडलं, अशी कथा सांगितली जाते. ती किती खरी, हे त्या कुटुंबालाच ठाऊक!

दोरीने खाली उतरल्यावर मेणबत्तीच्या उजेडात शवपेट्यांची रांग दिसली. सुरुवातीला पिनेजेम घराण्यातल्या लोकांच्या पेट्या असतील असं वाटलं. पण पेट्यांवरची नावं वाचायला सुरुवात केली, तेव्हा समोर होते रामसेस दुसरा, त्याचा बाप सेती पहिला, मोठमोठ्या लढाया जिंकणारा थुटमोस तिसरा, परकीय हिक्सोसांना इजिप्तमधून हाकलणारा आहमोस पहिला! राजे, राण्या, राजपुत्र आणि पुजारी मिळून सुमारे ५० ममी तिथे दाटीवाटीने ठेवलेल्या होत्या.

पण हे सगळे राजे एका खड्ड्यात आले कसे?

या शोधातली सगळ्यात रंजक बाब हीच आहे. हे राजे मुळात इथे पुरलेच गेले नव्हते. त्यांतल्या बहुतेकांची स्वतःची भव्य थडगी होती आणि ती प्राचीन काळातच लुटली गेली होती.

थडगी लुटणं ही काही कुर्नाच्या लोकांनी सुरू केलेली गोष्ट नव्हती. सुमारे ३१०० वर्षांपूर्वीच्या एका पपायरसवर आमेनपानुफेर नावाच्या पाथरवटाचा कबुलीजबाब लिहिलेला आहे. त्याने साथीदारांसोबत एका राजाचं थडगं फोडलं, सोनं काढून घेतलं आणि शवपेट्या जाळल्या. पकडला गेल्यावर आपल्या वाट्याचं सोनं एका अधिकाऱ्याला देऊन तो सुटला आणि पुन्हा त्याच कामाला लागला. लाचखोरीही तेवढीच जुनी आहे, असं म्हणायला हरकत नाही!

त्या काळात राज्याची आर्थिक घडी विस्कटली होती. थडगी खोदणाऱ्या कामगारांना धान्याच्या रूपात मिळणारा पगार वेळेवर मिळत नव्हता. रामसेस तिसऱ्याच्या काळात तर त्यांनी कामबंद आंदोलनही केलं होतं. इतिहासात नोंद असलेला हा सगळ्यात जुना संप मानला जातो. सोनं कुठे पुरलंय हे ज्यांना माहीत होतं, तीच माणसं उपाशी होती.

शेवटी पुजाऱ्यांनी राजांच्या ममी एकत्र करायला सुरुवात केली. फाटलेल्या कापडांच्या जागी नवी कापडं गुंडाळली आणि कुणाला, कधी, कुठून हलवलं याच्या नोंदी पेट्यांवर व कापडांवर शाईने लिहून ठेवल्या. रामसेस दुसऱ्याला आधी त्याच्या बापाच्या थडग्यात नेलं आणि नंतर या खड्ड्यात आणलं, हे अशाच नोंदींवरून कळतं. अनेक अभ्यासकांच्या मते हे काम फक्त भक्तीपोटी झालं नव्हतं. ममींवर उरलेलं सोनं पुजाऱ्यांनी काढून घेतलं आणि रिकाम्या तिजोरीत भर घातली.

तरीही त्यांची जागेची निवड अचूक ठरली. जवळपास २८०० वर्षं तिथे कुणी पोहोचलं नाही.

घाईत हरवलेली माहिती

बातमी फुटली तर लूट होईल, या भीतीने ब्रुग्शने सुमारे ३०० मजूर लावून अवघ्या दोन दिवसांत भुयार रिकामं केलं. ना आतले फोटो काढले, ना कुठली पेटी कुठे होती याचा नीट नकाशा केला. ममी वाचल्या, पण त्या कुठल्या क्रमाने तिथे ठेवल्या गेल्या, हा पुरावा कायमचा गेला. आजही अभ्यासक त्यावर वाद घालत असतात.

राजांना घेऊन बोट कैरोकडे निघाली, तेव्हा नाईलच्या काठावर बायका केस मोकळे सोडून आक्रोश करत होत्या आणि पुरुष बंदुकीचे बार काढत होते. गावातल्या माणसाची अंत्ययात्रा निघाल्यावर करतात, अगदी तसंच! पुढे कैरोच्या वेशीवर जकात घेणाऱ्याला ममीसाठी कुठलं कलम लावायचं ते कळेना, म्हणून त्याने खारवलेल्या माशांचा कर लावला, असा किस्साही सांगितला जातो.

या ममींनी पुढे काय सांगितलं?

सेकेनेन्रे ताओ या राजाच्या कवटीवर कुऱ्हाडीसारख्या शस्त्रांचे घाव दिसले. म्हणजेच त्याचा मृत्यू हिंसक होता. रामसेस तिसऱ्याविरुद्ध जनानखान्यात कट झाला होता हे पपायरसवरून माहीत होतं, पण तो यशस्वी झाला की नाही यावर मतभेद होते. २०१२ मध्ये जाहीर झालेल्या सीटी स्कॅनच्या अभ्यासात त्याचा गळा खोलवर चिरलेला आढळला आणि उत्तर मिळालं.

आणि त्या कुटुंबाचं काय झालं?

मोहम्मदला शिक्षा झाली नाही. उलट ५०० पौंडांचं बक्षीस आणि पुरातत्त्व विभागात नोकरी मिळाली. १८९१ मध्ये त्याच्याच माहितीवरून जवळच आणखी एक सामूहिक दफनस्थळ सापडलं. तिथे अमून देवाच्या पुजाऱ्यांच्या १५३ शवपेट्या होत्या.

३ एप्रिल २०२१ रोजी २२ राजे-राण्यांच्या ममी कैरोमधून वाजतगाजत, तोफांच्या सलामीत नव्या संग्रहालयात नेण्यात आल्या. जगभर त्याचे व्हिडिओ व्हायरल झाले. त्यातल्या अनेक ममी याच खड्ड्यातून आलेल्या होत्या. त्याआधी काही वर्षं, २००६ पासून, सरकारने थडगी वाचवण्यासाठी कुर्नातली बहुतेक घरं पाडली आणि तिथल्या लोकांना दुसरीकडे वसवलं. पिढ्यानपिढ्या ज्या राजांच्या शेजारी ते राहिले, ते राजे आता कैरोत आहेत आणि त्यांचं जुनं गावही उरलेलं नाही.