अंडी उरली की कीड परतते

घरच्या खाऱ्या टाकीतलं ॲक्रोपोरा प्रवाळ फिकं पडलं, की आपण आधी पाणी आणि दिवे तपासतो. जरा भिंगातून फांदीच बघा. गोल, पांढुरके चट्टे म्हणजे चपट्या कृमीने खाल्ल्याच्या खुणा. प्रवाळाच्या पेशींसोबत त्यातलं शैवालही तो गिळतो, म्हणून रंगात मिसळून जातो. डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. औषधी पाण्यात फांदी बुडवून हलवली की कृमी गळतात. बुडाशी उघड्या सांगाड्यावर चिकटलेली तपकिरी अंडी मात्र शाबूत राहतात आणि साधारण २ ते ३ आठवड्यांत फुटतात. खरी मेख इथेच आहे. तेव्हा अंडी खरवडून काढा, दर आठवड्याला फांदी पुन्हा बुडवा आणि नवं प्रवाळ दोनेक महिने वेगळ्या टाकीतच ठेवा.