फिरतीवरच्या माणसाला इंटरनेट कोणते द्यावे?

कापड असो, बियाणे असो की हार्डवेअर, जालन्याचा व्यापार नुसता पेढीवर बसून होत नाही. अंबड, परतूर, मंठा, भोकरदन, घनसावंगी येथील दुकानदारांकडे ऑर्डर आणि वसुलीसाठी माणूस पाठवावाच लागतो. पूर्वी त्याच्याजवळ पावती-पुस्तक असे, आता मोबाईल असतो. पावती-पुस्तक हरवले तर नुकसान किती, याचा अंदाज येत असे. मोबाईलचे तसे नाही. म्हणून आमचे व्यापारी बांधवांना सांगणे असे की, हा विषय केवळ स्वस्त-महाग एवढ्यावर सोडू नये.

यात तीन रस्ते आहेत.

पहिला, फुकटचे वाय-फाय. रेल्वे स्थानकांवर २०१६ पासून ते मिळू लागले. हॉटेल आणि लॉजवरही असते. बिनपासवर्डच्या वाय-फायमध्ये फोनपासून यंत्रापर्यंतचा मजकूर हवेत उघडाच जातो. बँकांची ॲप आपला मजकूर कुलूपबंद करूनच पाठवतात, हे खरे. पण त्याच नावाचे नकली वाय-फाय लावून, खोट्या पानावर पासवर्ड मागणे कोणाही लबाडाला जमते. सिनेमा पाहायला ते चालेल, धंद्याला नको.

दुसरा, माणसाचे स्वतःचे सिम. यात सोय आहे, खर्चही कमी. परंतु सर्व गिऱ्हाइके त्याच्या नंबरावर बोलू लागतात. उद्या त्याने नोकरी सोडली तर ऑर्डरी, हिशेबाचे निरोप आणि गिऱ्हाइकांचे नंबर त्याच्याबरोबर जातात. गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेला नंबर ही आपल्याकडची अमानत आहे.

तिसरा रस्ता, फर्मच्या नावाचे सिम. आमच्या मते हाच बरा. सिमवरचे इंटरनेट फोन ते टॉवर कुलूपबंद असते. दूरसंचार खात्याने ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केलेल्या नियमांनुसार, अशा कनेक्शनसाठी फर्मच्या कागदपत्रांबरोबर सिम वापरणाऱ्या प्रत्येकाचीही ओळख पटवावी लागते. मालकाने स्वतःच्या नावाचे सिम नोकराच्या हाती देऊ नये. त्यावरून गैरप्रकार झाला तर विचारणा ज्याचे नाव त्यालाच होते. कंपनी निवडताना आपला माणूस ज्या गावी फिरतो तिथे रेंज येते का, हे एक फेरी मारून पाहावे. टॅब किंवा लॅपटॉप असेल तर त्याच फोनचा हॉटस्पॉट, पासवर्ड लावून, वापरावा.

गल्ल्याची चावी पेढीवरच

सिम चांगले घेतले तरी एक गोष्ट पाळली पाहिजे. बँकेला जोडलेला नंबर फिरतीवर पाठवू नये. ओटीपी त्याच नंबरावर येतो. तो नंबर म्हणजे गल्ल्याची चावी. माणसाजवळ फक्त पेढीच्या खात्याचा क्यूआर द्यावा. त्याने पैसे येतात, जात नाहीत. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे त्याला पक्के शिकवावे. गिऱ्हाइकाच्या फोनवरचे चित्र पाहून माल सोडू नये. पेढीवर फोन करून रक्कम जमा झाल्याची खात्री करावी. अनोळखी माणसाने पाठवलेले ॲप फोनमध्ये घेऊ नये, आपला पडदा दुसऱ्याला दाखवणारे तर मुळीच नको.

फोन हरवला तर

फोनच्या कुलुपाशिवाय सिमलाही पिन लावता येतो. तो लावला नसेल तर चोर सिम काढून दुसऱ्या फोनात घालतो आणि निरोप वाचतो. फोन गेल्यास आधी कंपनीकडून सिम बंद करावे, मग पोलिसांत तक्रार द्यावी. तक्रारीची प्रत घेऊन, केंद्र सरकारच्या 'संचार साथी'वर तो फोनच बंद करता येतो. ही सोय देशभर मे २०२३ पासून आहे.

पेढीवरच्या बँकेच्या नंबराची रेंज विनाकारण तासभर गेली तर कोणी दुसरे सिम काढले असण्याची शक्यता असते. लगेच कंपनीला आणि बँकेला कळवावे. पैसे गेलेच तर १९३० वर त्याच क्षणी फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यातून निघण्याआधी कळवले तरच ती अडवता येते. हा नंबर आणि बँकेचा नंबर गल्ल्याजवळ, ठळक अक्षरांत, आजच चिकटवून ठेवावा.