एक चित्र, दोन नामावल्या : अमेरिकेतील सैनिकी व माजी-सैनिकी रुग्णालयांमधील वैद्यकीय चित्रांची देवाणघेवाण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सैनिकाच्या आरोग्याची जबाबदारी दोन खात्यांत विभागलेली आहे. तो सेवेत असेपर्यंत ती संरक्षण खात्याकडे असते. सेवा संपली म्हणजे माजी सैनिकांसाठी असलेल्या खात्याकडे जाते. हे दुसरे खाते १९३० मध्ये प्रशासन म्हणून निर्माण झाले आणि १९८९ मध्ये त्याला मंत्रिमंडळाचा दर्जा मिळाला. दोहोंची रुग्णालये निराळी, डॉक्टर निराळे आणि दफ्तरेही निराळी. माणूस मात्र एकच. त्याच्या छातीचे वा मेंदूचे जे चित्र सेवेत असताना घेतले गेले, ते सेवेनंतरच्या डॉक्टरापुढे यावे ही अपेक्षा साधी वाटते. ती पुरी होण्यास इतका काळ का लागला, हा प्रश्न यंत्रांचा जितका आहे त्याहून अधिक नामाभिधानाचा आहे, आणि म्हणूनच भाषाशास्त्राच्या अभ्यासकानेही त्याकडे लक्ष द्यावे असा आहे.

जुन्या चित्राची गरज प्रथम वैद्यकीय आहे. फुप्फुसात आज दिसलेली घट्ट गाठ दोन वर्षांपूर्वीच्या चित्रातही तेवढीच असेल, तर ती बहुधा निरुपद्रवी समजली जाते. जुने चित्र हाती नसेल, तर तीच गाठ संशयास्पद ठरते आणि रुग्णाला नव्या तपासण्यांना सामोरे जावे लागते. दुसरी गरज कायद्याची. भरपाई मागणाऱ्या माजी सैनिकाला सामान्यतः तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : आज विकार आहे, सेवेत असताना काही इजा वा रोग घडला होता, आणि या दोहोंचा संबंध आहे. मधली गोष्ट जुन्या कागदांवाचून सिद्ध करणे किती कठीण, हे १२ जुलै १९७३ च्या आगीने दाखविले. सेंट लुइस येथील राष्ट्रीय सेवादफ्तरखान्यात त्या दिवशी सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांची बाडे जळाली. त्यांच्या नकला नव्हत्या. ज्यांची बाडे गेली त्यांना आपल्या सेवेचा पुरावा अन्य कागदांच्या तुकड्यांतून जुळवावा लागला.

इराक व अफगाणिस्तान येथील युद्धांत या प्रश्नाला निकड आली. जखमी सैनिक रणक्षेत्रातून जर्मनीतील लांडश्टूल येथे, तेथून वॉशिंग्टनजवळच्या वॉल्टर रीडसारख्या लष्करी रुग्णालयात आणि पुढे माजी सैनिकांच्या खात्याने २००५ पासून उभारलेल्या बहुविध-आघात केंद्रांत जाई. ही केंद्रे प्रथम मिनियापोलिस, पालो आल्टो, रिचमंड व टँपा अशी चार होती. रुग्ण विमानाने पोहोचे. चित्रे पुष्कळदा तबकडीवर नोंदून त्याच्याबरोबर धाडावी लागत. तबकडी हरवली वा उघडली नाही, तर तपासणी पुन्हा करणे भाग पडे.

वस्तुतः चित्राच्या व्याकरणाचा प्रश्न बऱ्याच अंशी आधीच सुटलेला होता. अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या आणि विद्युत-उपकरण उत्पादकांच्या संघटनांनी १९८३ मध्ये एक संयुक्त समिती नेमली. १९८५ मध्ये तिचे पहिले प्रमाणक आले आणि १९९३ मध्ये ‘डायकॉम’ या नावाने ते आजच्या रूपात स्थिरावले. मौजेची गोष्ट अशी की, डायकॉमच्या पूर्वरूपाचा पहिला मोठा वापर १९९२ मध्ये अमेरिकेच्या भूदलाने आणि हवाई दलानेच केला. या प्रमाणकानुसार चित्र आणि त्याचा मथळा एकाच संचिकेत बांधलेले असतात. मथळ्यातील प्रत्येक नोंदीला क्रमांक आहे : (००१०,००१०) म्हणजे रुग्णाचे नाव, (००१०,००२०) म्हणजे त्याचा ओळख-क्रमांक. नावाचे आडनाव, पहिले नाव, मधले नाव, उपसर्ग व प्रत्यय असे पाच घटक ठरावीक क्रमाने लिहावयाचे असतात. क्रम ठरला, पण त्या घरांत काय लिहावे हे प्रमाणक कसे ठरविणार? विवाहानंतर आडनाव बदललेली स्त्री-सैनिक एका दफ्तरात एका नावाने आणि दुसऱ्यात दुसऱ्या नावाने राहते, आणि दोन्ही नोंदी व्याकरणशुद्ध असतात.

दोन्ही खात्यांच्या संगणकप्रणाली तर एकाच घराण्यातील. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात १९६० नंतरच्या दशकात घडलेल्या ‘मम्प्स’ या संगणकभाषेत माजी सैनिकांच्या खात्याने आपली प्रणाली रचली. तीच पुढे ‘व्हिस्टा’ झाली. संरक्षण खात्याने १९८८ मध्ये ज्या प्रणालीचे कंत्राट दिले, तीही त्याच मूळ संहितेवरून घडविलेली होती. एका मातृभाषेतून फुटलेल्या दोन बोली अलग प्रदेशांत वाढाव्यात आणि तीसएक वर्षांनी परस्परांना अनाकलनीय व्हाव्यात, तसेच येथे झाले. व्हिस्टाच्या जुन्या रचनेत तर आलेले डायकॉम चित्र फोडून चित्रभाग एका संचिकेत आणि मथळा दुसऱ्या मजकूर-संचिकेत ठेवला जाई. आपल्या घरात ही सोय उत्तम. दुसऱ्याच्या दारी पाठविताना मात्र दोन्ही भाग पुन्हा सांधावे लागत.

खरी अडचण तपासणीच्या वर्णनात आहे. यासाठी मथळ्यात ६४ अक्षरांपर्यंतची एक मोकळी जागा असते. छातीच्या एकाच तपासणीला एक रुग्णालय ‘चेस्ट टू व्ह्यूज’ म्हणेल, तर दुसरे ‘चेस्ट पीए अँड लॅट’. मनुष्य-वाचकाला दोन्हींचा अर्थ कळतो, कारण क्ष-किरण पाठीकडून आणि बाजूने सोडून घेतलेली चित्रे दोनच होतात हे त्याला ठाऊक असते. यंत्राला हे पर्याय आहेत असे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. जुने चित्र आपोआप शोधून नव्याशेजारी मांडावयाचे, तर अशी हजारो वर्णने एका सामाईक संज्ञावलीशी जोडावी लागतात. ‘लॉइंक’ आणि ‘रॅडलेक्स’ या संज्ञावल्यांची सांगड त्याचसाठी घातली गेली. हे काम कोशकाराचे आहे, आणि कोशाप्रमाणेच ते कधी पुरे होत नाही. नवे यंत्र आले की नवी वर्णने येतात.

नुसत्या शेजाराने हा दुरावा मिटत नाही. शिकागोच्या उत्तरेस ऑक्टोबर २०१० मध्ये दोन्ही खात्यांचे पहिले एकत्रित रुग्णालय उघडले आणि त्याला नौदलातील अंतराळवीर जेम्स लॉव्हेल यांचे नाव दिले. व्यवस्थापन एक झाले, छप्पर एक झाले. दफ्तरे मात्र दोनच राहिली. दरम्यान ‘जॉइंट लेगसी व्ह्यूअर’ नावाचे साधन आले. ते दोन्ही दफ्तरांतील नोंदी एका पडद्यावर शेजारी शेजारी दाखविते, एकीचे रूपांतर दुसरीत करीत नाही. हा द्विभाषी वाचकाचा मार्ग होय, भाषांतरकाराचा नव्हे. आणि हाताशी असलेल्या वेळात तोच शहाणपणाचा होता. एकच नोंदप्रणाली स्वीकारण्याचा दुसरा मार्ग फार महाग आणि मंद ठरला आहे. संरक्षण खात्याने ती २०१७ पासून बसविण्यास आरंभ केला आणि मार्च २०२४ मध्ये लॉव्हेल येथे काम पुरे केले. माजी सैनिकांच्या खात्याने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पोकेन येथे सुरुवात केली, परंतु अडचणींमुळे एप्रिल २०२३ मध्ये पुढील ठिकाणांचे काम थांबविले; मार्च २०२४ मध्ये त्या खात्याची लॉव्हेल धरून सहाच केंद्रे नव्या प्रणालीवर होती.

शिवाय जुन्या फिती आहेतच. भूदल आणि हवाई दल यांनी १ जुलै १९६९ पासून सेवाक्रमांकाऐवजी सामाजिक सुरक्षा क्रमांक वापरण्यास प्रारंभ केला. नौदलाने तोच बदल १९७२ मध्ये केला. आता संरक्षण खात्याचा दहा आकडी क्रमांक आहे आणि माजी सैनिकांच्या खात्याचा स्वतःचा वेगळा. म्हणजे १९६८ मध्ये भूदलात दाखल झालेल्या सैनिकाच्या क्ष-किरण फितीवर जो क्रमांक उमटला, तो त्याच्या पुढील कोणत्याही कार्डावर नाही. अशी फीत आज संगणकात घेतली, तर तिच्या मथळ्यात ओळख-क्रमांक म्हणून तेच येते, जे समोर बसलेला कारकून फितीच्या कोपऱ्यातील पुसट अक्षरे वाचून टंकलिखित करतो. तो क्रमांक कोणत्या दफ्तराचा, हे सांगण्यासाठी डायकॉममध्ये स्वतंत्र घर आहे, (००१०,००२१). पण ते भरणे बंधनकारक नाही.